दानिएलकाकांचा खालचा सा

"कोल्हापूरला कशाला चाललीस?" असं शेजारच्या कुंदाने विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं, "एक सूर ऐकायला." माझ्या मुलाला फोन करावा की काय, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. अमरावतीहून कोल्हापूर म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राचं एक टोक सोडून दुसरं गाठणं. तेही निवृत्तीनंतर, एकटीने आणि एका सुरासाठी. तिचं काही चुकलं नाही.

त्या सुराची गोष्ट आधी सांगायला हवी. मी बावीस वर्षांची असताना एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या लग्नाला मिरजेला गेले होते. चर्चमध्ये चार पुरुष उठून उभे राहिले. ना पेटी, ना तबला. एकाने खिशातून काहीतरी काढून तोंडाला लावलं, बारीकसा सूर दिला आणि चौघांनी एकाच वेळी चार वेगळ्या चाली धरल्या. आमच्याकडे भजनात दहा माणसं असली तरी सगळी एकाच सुराच्या मागे धावतात. इथे चौघं चार वाटांनी जात होते आणि कडव्याच्या शेवटी एकाच दारात भेटत होते. गाण्याच्या शेवटी 'खोल' हा शब्द तीनदा येत होता. सगळ्यात उंच होता तो गायक दर खेपेला आणखी खाली उतरत होता, विहिरीत पायऱ्या उतरावं तसा. तिसरा 'खोल' मी कानांनी कमी आणि बसले होते त्या बाकातून जास्त ऐकला. पुढे एकतीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं, पण तसा खर्ज पुन्हा कानावर पडला नाही.

गेल्या दिवाळीत त्याच मैत्रिणीचा फोन आला. बोलता बोलता कळलं की ते चौघं अजून गातात. तेच चौघं! दोन आठवड्यांनी कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या एका गावात सुगीच्या सणाला त्यांचं गाणं होतं. मी नंबर घेतला, लावला आणि अमरावतीहून गाणं ऐकायला यायचंय म्हणाले. पलीकडून तोच विहिरीतला आवाज आला, "या की बाई! ऐकायला एवढ्या लांबनं येतासा म्हंजे काय गंमत हाय व्हय? आमच्यातच उतरा." मी अजून माझं नावही सांगितलं नव्हतं.

कळंबा, गुरुवार

दानिएलकाकांचं घर कोल्हापूरच्या कडेला, कळंब्याला, तलावापासून चार पावलांवर. दार त्यांच्या बायकोने उघडलं. "आलासा? बसा. मी पाणी घेऊन आलो." सुशीलाकाकूंचं हे 'आलो' ऐकून मी क्षणभर चमकले, पण इकडच्या बायका बोलताना असंच 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मला ते ऐटबाज वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मीही म्हणून पाहिलं, तर सगळे हसले.

काका त्र्याहत्तर वर्षांचे. अजून ताठ, दारातून येताना मान वाकवावी लागेल इतके उंच. आयुष्यभर एसटीचे ड्रायव्हर होते. जेवताना त्यांनी आपली सगळी कथा सांगितली. मिशनच्या बोर्डिंगमध्ये असताना एका परदेशी बाईंनी चार मुलांना एक तबकडी ऐकवली. अमेरिकेत खाली दक्षिणेकडे म्हणे चार-चार पुरुष असे गावोगाव गात हिंडतात. त्या चार मुलांनी चाली उचलल्या, शब्द मराठी घातले आणि तेव्हापासून हे चौघं गात आले. वरचा आवाज शमुवेलकाकांचा, ते शिंपी. मधले दोन आवाज पौलस आणि याकोब या सख्ख्या भावांचे, दोघांच्या म्हशी आहेत. आणि तळाला दानिएलकाका.

"घरात कवा जमायचं सराव करायला? मी गाडीतच करायचो," ते म्हणाले. "चंदगडच्या रूटला चढ लागला की दुसरा गिअर टाकायचा. इंजन जो सूर धरतंय की न्हाई, त्येच्यातच आपला सूर मिळवायचा. पाशिंजरांस्नी वाटायचं, गाडीत कायतरी बिघाड झालाय."

लग्नं, बाप्तिस्मे, मयती, सुगीचे सण, नाताळ. एकदा त्यांची एक कॅसेटही निघाली होती. एकदा मुंबईहून कुणीतरी सिनेमात मागे गायला या म्हणून बोलावलं. काकांनी नाही म्हटलं, कारण शमुवेलकाकांना दुकान बंद ठेवता येत नव्हतं आणि चौघांतला एक गेला तर गाणं कसलं? सुट्ट्या सगळ्या गाण्यात गेल्या. "पोरीच्या बारशाला ह्ये गारगोटीत गात हुते," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार होती आणि ती अजून शिळी झालेली नव्हती.

पानात वांग्याचं भरीत, भाकरी आणि मिरचीचा खरडा होता. आम्ही वऱ्हाडी माणसं तिखटाच्या बाबतीत स्वतःला शहाणी समजतो. पहिल्याच घासाला माझं शहाणपण डोळ्यांतून वाहू लागलं. काकू दह्याची वाटी पुढे सरकवून मोकळ्या झाल्या.

जेवण झाल्यावर मी न राहवून विचारलं, "काका, तो शेवटचा सूर अजून लागतो?"

"लागतोय म्हंजे? लागतोयच की!" ते मांडीवर हात मारत म्हणाले. "मी एक ठरवून ठेवलंय बाई. ज्या दिवशी त्यो सूर लागणार न्हाई, त्या दिवसापास्नं गाणं बंद. त्येच्यापुढं एक दीस न्हाई. अर्धा बेस घेऊन चौघांत हुबं ऱ्हायचं न्हाई आपल्याला."

काकू ताटं उचलत होत्या. गाणं बंद झालं तर हा माणूस दिवसभर काय करील, असं माझ्या मनात आलं खरं, पण सूर लागतोय म्हटल्यावर मीही तो विचार सोडून दिला.

जोतिबा आणि दुकान, शुक्रवार

सकाळी काकांनी मला जोतिबाच्या डोंगरावर नेलं. मी म्हटलं, "तुम्ही जोतिबाला?" ते म्हणाले, "चैत्राच्या जत्रंला वीस-बावीस वर्सं ज्यादा गाड्या मीच आणल्यात. देव वळखतोय मला." देवाचं माहीत नाही, पण दुकानदार सगळे ओळखत होते. नारळ-गुलाल विकणारे एक अण्णा लांबूनच ओरडले, "ड्रायवर, इंजन सुरू करा की!" काकांनी हनुवटी खाली घेतली आणि नुसता एक हुंकार दिला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. अण्णांनी खुशीत येऊन माझ्या कपाळाला गुलाल फासला. तो चार दिवस गेला नाही. आमच्या गावात एखाद्या ख्रिस्ती गवयाला देवळासमोर अशी फर्माईश झालेली मी कधी पाहिली नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

दुपारी शमुवेलकाकांच्या दुकानात तालीम होती. शिलाई यंत्राला टेकून हे चौघं उभे राहिले. शमुवेलकाका बुटके, वाळलेले, गळ्याला मफलर. त्यांनी खिशातून ती गोल पिपाणी काढली. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, कडेने बारा भोकं. या चौघांत एक नियम आहे, बोर्डिंगपासूनचा. सूर फक्त शमुवेलकाकांनी द्यायचा. बाकीच्यांनी विचारायचं नाही, पिपाणीकडे बघायचंही नाही. "बेल कंडक्टरच मारणार," दानिएलकाकांनी समजावलं. "ड्रायवरनं मागं वळून बघायचं न्हाई. बेल झाली की गाडी सोडायची."

ते गायले. शेवटचा 'खोल' आला आणि दुकानाच्या काचेत टांगलेली कात्री किणकिणली. माझ्या अंगावर काटा आला. बावीस वर्षांची असताना आला होता, अगदी तसाच. मी टाळ्या वाजवल्या आणि डोळे पुसले, आणि यावेळी खरड्याचा काही संबंध नव्हता.

पण शिक्षकाचा कान मेला कधी गप्प बसत नाही. गाण्यांची जुनी वही शिवणाच्या टेबलावर उघडी होती. या गाण्याच्या डोक्यावर 'पांढरी चार' असं लिहिलेलं होतं, म्हणजे पेटीवरची चौथी पांढरी पट्टी. मी ऐकली होती ती पांढरी पाच. एक अख्खा सूर वर. मला वाटलं, माझेच कान म्हातारे झाले. शिवाय शमुवेलकाका शेवटी वर चढताना मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या, तेही मी वयावर ढकललं. गाणं संपताच ते मागे जाऊन कोमट पाण्याच्या गुळण्या करत बसले. चहा आला तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हटलं.

चंदगडकडे, शनिवार

सकाळच्या एसटीने निघालो. चौघंही ड्रायव्हरच्या मागच्या बाकांवर. काका प्रत्येक वळणावर पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. गडहिंग्लजच्या पुढे ऊस मागे पडतो, माती लाल होते आणि हवेत ओल येते. आमच्याकडे दिवाळीनंतर सगळं तपकिरी होऊन जातं, इथे डोंगर अजून हिरवेगार. गावात उतरलो तर भाताची मळणी चाललेली. काजूच्या झाडांमागे कौलारू चर्च. पाळकबाईंनी, म्हणजे तिथल्या पाळकांच्या पत्नीने, तांदळाची भाकरी आणि सुक्या काजूची आमटी वाढली. शमुवेलकाकांनी मात्र मऊ भात आणि तूप एवढंच घेतलं. "गाण्याच्या आदल्या दिवशी ह्येचं आसंच," याकोब म्हणाले, आणि पौलसनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मला त्याचा अर्थ कळला नाही.

जेवण झाल्यावर शमुवेलकाका घशाच्या गोळ्या आणायला बाजाराकडे गेले. तेवढ्यात पाळकबाई म्हणाल्या, कुठे उभं राहिलं तर आवाज नीट घुमतो ते एकदा बघून घ्या. काका म्हणाले, "शमुवेल येऊ दे." मी इथे तोंड उघडलं. अजूनही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. कोपऱ्यात जुनी पायपेटी होती. मी म्हटलं, "शेवटची ओळच म्हणून बघायची ना? मग सूर मी देते की!" एकतीस वर्षं दिलाय, त्यात काय मोठं! वही उघडली, लिहिलं होतं ते पाहिलं आणि पांढरी चार दाबली.

पौलस घाईने म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई." पण बेल झाली होती आणि काकांनी गाडी सोडली होती. पहिला 'खोल' आला. दुसरा जरा घासत आला. तिसऱ्याला नुसता वारा आला.

काकांनी घसा खाकरला. "परत द्या." मी दिला. पुन्हा वारा. ते हसले आणि म्हणाले, "पेटी उतरलीया बगा. उंदरांनी खाल्ली असंल." मी हो म्हणायला हवं होतं. पण मी बावळटासारखी पौलस-याकोबांकडे पाहत राहिले आणि ते दोघं जमिनीकडे.

शमुवेलकाका गोळ्यांची पुडी घेऊन दारात आले. मला पायपेटीवर बसलेली पाहिली आणि तिथेच थांबले. दानिएलकाका त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या खिशात हात घातला आणि पिपाणी काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पांढरी चारच्या भोकात फुंकली. पेटीचाच सूर. पेटी अगदी बरोबर होती.

"कवापास्नं?" काकांनी विचारलं.

"तीन वर्सं झाली," शमुवेलकाका म्हणाले. "आदी अर्धाच वर घेतलेला. गेल्या साली पाच केली." गाणं वर उचललं की काकांचा तळ तेवढा वर येत होता, आणि शमुवेलकाकांना तेवढंच जास्त चढावं लागत होतं.

"आन् तुझं वरचं?"

"जातंय की."

"जातंय कुठलं!" पौलस एकदम बोलले. "कारेक्रम झाला की दोन-दोन दीस ह्येच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाई. बायकोसंग पाटीवर लिवून बोलतोय."

"म्हंजे तुमाला समद्यांस्नी ठावं हुतं." काका एवढंच बोलले. पिपाणी त्यांनी शमुवेलकाकांच्या हातात परत दिली आणि काजूच्या बागेत जाऊन बसले. मी एकदा जवळ गेले आणि माफ करा म्हणाले. "तुमी काय केलंसा? वहीत हाय तेच दिलंसा," ते म्हणाले. ते खरं होतं आणि म्हणूनच जास्त लागलं. ज्या सुरासाठी मी राज्य ओलांडून आले होते, त्याचा निकाल मीच लावला होता. काका शब्दाचे पक्के. उद्या ते उभे राहणार की नाही, आणि राहिले तर ते शेवटचंच का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्याच गावी, रविवार

सुगीचा सण म्हणजे नव्या पिकातलं थोडं थोडं चर्चमध्ये आणून द्यायचं. भाताच्या पेंढ्या, नाचणी, रताळी, भोपळे, पाय बांधलेले कोंबडे. उपासना चालू असताना एक कोंबडा मध्येच 'आमेन' दिल्यासारखा आरवत होता. आमच्याकडच्या अन्नकोटाची आठवण झाली, फक्त तिथे नैवेद्य शिजलेला असतो आणि गप्प बसतो.

पाळकांनी गाणं पुकारलं. तिघं उठले. क्षणभराने दानिएलकाकाही उठले. त्यांनी शमुवेलकाकांपुढे हात पसरला. "पिपाणी हिकडं दे." शमुवेलकाकांनी मान हलवली, नाही म्हणून. काकांनी हात तसाच ठेवला. सगळं चर्च बघत होतं. शेवटी पिपाणी त्यांच्या हातात आली. काकांनी सूर दिला. पांढरी चार.

ते गायले, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा शमुवेलकाकांना ऐकलं. मिरजेला माझं सगळं लक्ष तळाशी होतं, दुकानात त्यांच्या मानेच्या शिरांकडे. आता गळ्यावर ओझं नव्हतं. आवाज सरळ, स्वच्छ वर गेला आणि तिथे आरामात थांबला. सत्तरीच्या माणसाचा असा आवाज असतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. पहिला 'खोल' आला. दुसरा आला. तिसऱ्याला दानिएलकाकांनी तोंड मिटलं. तिघांचेच सूर राहिले, खाली जागा मोकळी. काका शमुवेलकाकांकडे मान वळवून उभे होते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

बाहेर आल्यावर एका म्हातारीने त्यांना अडवलं. "ड्रायवर, खालचं का म्हटलं न्हाईसा?"

"ऐकत हुतो आज्जी," काका म्हणाले.

मग पिकाचा लिलाव झाला. कुणालातरी नमस्कार करायला मी हात वर केला आणि एक भोपळा अक्षरशः माझ्या गळ्यात पडला. तो अमरावतीपर्यंत आणला. कुंदाला अर्धा दिला. "हाच का तो सूर?" असं तिने विचारलं.

दुपारच्या गाडीने परत निघालो. भोपळा मांडीवर, चौघं पुढे. मग शमुवेलकाका म्हणाले, "फुडल्या ऐतवारी आजऱ्याला लगीन हाय. त्यांस्नी काय सांगू?"

दानिएलकाका खिडकीबाहेर बघत होते. "मी बोललोवतो, सूर गेला की थांबणार. सूर तीन वर्सांमागंच गेलाय. थांबलो न्हाई, त्ये तुझ्यापायी. आता तू थांब म्हणलास तरच थांबीन."

"मग थांबायचं न्हाईस," शमुवेलकाका म्हणाले. "खालचं नसलं तर नसलं. तू नसल्यावर मी कुणाच्या जिवावर वर जाऊ?"

काकांनी नाक शिंकरलं. मग पिपाणी काढली, कारण ती अजून त्यांच्याच खिशात होती, आणि सूर दिला. चौघं बसल्या जागी गायला लागले. कंडक्टर तिकिटं द्यायची थांबला. चढ सुरू झाला होता. शेवटची ओळ आली आणि नेमका त्याच वेळी ड्रायव्हरने दुसरा गिअर टाकला. तिसऱ्या 'खोल'ला काकांनी तोंड मिटलं. पायाखालून गाडीचा जाड, घुमणारा आवाज आला, बाकातून थेट माझ्या पाठीत.

काकांनी खाली पत्र्याकडे बोट दाखवलं. "लागला की!" ते ओरडले. चौघंही पोरांसारखे हसायला लागले. मग काकांनी मागे वळून मला विचारलं, "काय बाई, बरोबर हाय न्हवं? चारच?"

मी कान दिला. चार नव्हती, थोडी वरच होती.

"अगदी चार," मी म्हणाले.